पानिपतच्या मसलतींतील काळाचा हिशेब

मोहिमेच्या मसलतीची परीक्षा करतांना अभ्यासक बहुधा फौज, तोफखाना व रसद यांचा हिशेब मांडतात. ‘आधीं’, ‘नंतर’ आणि ‘जोंवर–तोंवर’ हे काळाचे संबंध मात्र गृहीत धरले जातात. वस्तुतः मसलत टिकणारी होती कीं नव्हती, हें पुष्कळदां या संबंधांवरच ठरतें.

सदाशिवरावभाऊंच्या कुंजपुऱ्यावरील स्वारीचें उदाहरण घेऊं. ऑगस्ट १७६० च्या आरंभीं दिल्ली मराठ्यांच्या हातीं आली. यमुनेच्या पुरामुळें अबदाली पूर्वतीरीं अडकला होता. ही संधि साधून भाऊंनीं उत्तरेस कूच केलें व १७ ऑक्टोबर रोजीं कुंजपुरा घेतला. धान्य मिळालें, शत्रूचे नामांकित सरदार पडले. हा विजय खराच. परंतु त्याच्या पोटीं एक अट होती. जोंवर भाऊ उत्तरेस आहेत, तोंवर यमुना शत्रूस दुस्तर राहिली पाहिजे. पावसाळा सरल्यावर ही अट दिवसेंदिवस दुर्बल होणार, हें उघड होतें. ऑक्टोबर संपण्यापूर्वींच अबदाली बागपताजवळ नदी उतरला आणि भाऊंचा दिल्लीशीं संबंध तुटला. कुंजपुरा घेणें ही चूक नव्हे. परत येईपर्यंत उतारे राखण्याची पुरेशी तजवीज नसणें, ही चूक होय.

पानिपतावर दुसरी अट आली: आपली रसद संपण्याआधीं शत्रूची संपली पाहिजे. अंतर्वेदींत गोविंदपंत बुंदेले यांवर हा भार होता. डिसेंबरांत ते मारले गेले आणि क्रम उलटला. १४ जानेवारी १७६१ रोजीं, पौष शुद्ध ८ शके १६८२ या दिवशीं, उपासमारीनें लढाईची वेळ ठरविली, सेनापतीनें नव्हे.

न्याय करतांना आणखी एक सावधगिरी हवी. नानासाहेबांस पराभवाची वार्ता भेलशाजवळ कळली, तेव्हां लढाईस सुमारें दहा दिवस लोटले होते. त्या मधल्या दिवसांतील त्यांच्या हेतूंस नंतरचें ज्ञान चिकटविणें अन्यायाचें आहे. म्हणून पत्राच्या लेखनाच्या मितीइतकीच पैवस्तीची मिति महत्त्वाची. लेखनाची मिति काय घडलें तें सांगते. पैवस्तीची मिति तें केव्हां कळलें हें सांगते. संग्राहकांस विनंती इतकीच कीं, नक्कल करतांना पत्राच्या पाठीवरील शेरा क्षुल्लक समजून गाळूं नये. त्या एका ओळींत एखाद्या सेनापतीची निर्दोषता दडलेली असूं शकेल.