इरेझुमी

त्वचेत शाई टोचून शरीरावर कायमची आकृती किंवा खूण उमटविण्याच्या जपानी प्रकारास ‘इरेझुमी’ म्हणतात. या संज्ञेचा शब्दशः अर्थ ‘शाई घालणे’ असा आहे. शोभेसाठी अंग गोंदवून घेणारे लोक मात्र हा शब्द टाळून ‘होरिमोनो’ (कोरीव काम) असे म्हणणे पसंत करीत. कारण इरेझुमी या शब्दाला शिक्षेचा वास होता. महाराष्ट्रात गोंदण हे प्रामुख्याने स्त्रियांचे लेणे समजले गेले व त्याचा संबंध सौभाग्याशी जोडला गेला. जपानच्या मुख्य बेटांवर ते मुख्यतः श्रमजीवी पुरुषांच्या अंगावर दिसे आणि त्याकडे कौतुकाने पाहणारे व भीतीने पाहणारे असे दोन्ही वर्ग एकाच शहरात नांदत असत.

तिसऱ्या शतकातील एका चिनी इतिहासग्रंथात जपानी पुरुष चेहरा व अंग गोंदवितात आणि पाण्यात बुड्या मारणारे लोक मोठ्या माशांपासून संरक्षण व्हावे म्हणून तसे करतात, अशी नोंद आहे. ७२० मध्ये पूर्ण झालेल्या निहोन शोकी  या ग्रंथात मात्र एका बंडखोराचा देहदंड माफ करून त्याच्या चेहऱ्यावर गोंदल्याची कथा येते. म्हणजे तोपर्यंत या चिन्हाला कलंकाचा अर्थ प्राप्त झालेला होता.

या अर्थाला कायद्याचे पक्के रूप एदो काळात (१६०३–१८६८) मिळाले. आठवा शोगुन तोकुगावा योशिमुने याच्या कारकीर्दीत, १७२० मध्ये, चोरीसारख्या गुन्ह्यांसाठी नाक-कान कापण्याऐवजी गोंदण्याची शिक्षा सुरू झाली. अवयवच्छेदाच्या मानाने ही सुधारणाच म्हटली पाहिजे; परंतु शिक्षा भोगून झाल्यावरही तिची खूण अंगावरून जात नसे. बहुधा दंडावर किंवा मनगटाजवळ पट्टे गोंदीत. खुणेची जागा व आकार प्रांतपरत्वे बदलत असल्याने गुन्हेगारास कोठे शिक्षा झाली, हे पाहणाऱ्यास कळत असे. काही ठिकाणी कपाळावरही गोंदीत. अशी खूण वागविणाऱ्या माणसाला प्रतिष्ठित धंद्यात थारा मिळणे अवघड होते. त्यामुळे काहीजण ती मोठ्या चित्राखाली झाकून टाकीत.

याच काळात एदो (टोकिओ) शहरात शोभेच्या गोंदणाला बहर आला. एकशे आठ बंडखोर वीरांच्या चिनी कादंबरीची सुइकोदेन  ही जपानी रूपे लोकप्रिय होती आणि चित्रकार उतागावा कुनियोशी याने १८२७ च्या सुमारास त्या वीरांची जी ठसाचित्रे काढण्यास आरंभ केला, त्यांत कित्येकांच्या पाठी गोंदणाने भरलेल्या होत्या. ती चित्रे पाहून कारागिरांकडे तशाच आकृतींची मागणी होऊ लागली. भोई, निरोपे, सुतार आणि विशेषतः अग्निशामक दलांतील लोक हे त्यांचे मुख्य गिऱ्हाईक. लाकडी घरांच्या त्या शहरात आगी नित्याच्या होत्या. पाण्याचा स्वामी मानला गेलेला ड्रॅगन पाठीवर असणे आग विझविणाऱ्याला संरक्षक वाटे. शेकडो तास वेदना सोसल्याची ती निशाणीही होती. शोगुनशाहीने १८११ व १८४२ मध्ये मनाई हुकूम काढले, पण त्यांचा फारसा परिणाम झाला नाही.

मेजी राजवटीत (१८६८–१९१२) गोंदण्याची शिक्षा १८७० मध्ये रद्द झाली आणि लगोलग १८७२ मध्ये शोभेच्या गोंदणावरही बंदी आली. पाश्चात्त्यांच्या दृष्टीने आपण रानटी ठरू नये, ही चिंता या बंदीमागे होती. प्रत्यक्षात १८८१ मध्ये जपानला आलेल्या ब्रिटिश राजपुत्रांनी (त्यांपैकी एक पुढे पाचवा जॉर्ज म्हणून गादीवर आला) आणि १८९१ मध्ये रशियाचा युवराज निकोलस याने तेथे हौसेने गोंदवून घेतले. ज्यांच्या लाजेखातर कला चोरटी झाली, तेच तिचे चाहते निघाले.

या धोरणाची खरी झळ सीमेवरील समाजांना बसली. उत्तरेकडील ऐनू स्त्रिया ओठांभोवती व हातांवर गोंदवीत. त्याशिवाय विवाहयोग्यता पूर्ण होत नसे आणि परलोकी पूर्वजांत स्थान मिळत नाही, असा समज होता. त्यावर १८७१ मध्ये बंदी आली. ओकिनावातील स्त्रियांच्या हातांवरील ‘हाजिची’ हे गोंदण १८९९ मध्ये बेकायदा ठरले. आज्या ज्या हातांचा अभिमान बाळगीत, ते हात शाळेत शिकणाऱ्या नातींना मागासलेपणाचे वाटू लागले.

दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४८ मध्ये, बंदी उठली. पण संशय उठला नाही. याकूझा या गुन्हेगारी टोळ्यांतील लोक निष्ठेची व सहनशीलतेची खूण म्हणून अंगभर गोंदवीत आणि १९६० नंतरच्या दशकातील चित्रपटांनी ते दृश्य घरोघरी पोहोचविले. गोंदलेला तो टोळीवाला, हे समीकरण त्यामुळे दृढ झाले. सार्वजनिक स्नानगृहे व उष्णोदकाची विश्रामस्थाने येथे गोंदलेल्यांना मज्जाव करणाऱ्या पाट्या लागल्या. वस्तुतः एदोकालीन गोंदणाचे प्रदर्शन सर्वांत सहजपणे घडे ते स्नानगृहातच. राष्ट्रीय पर्यटन संस्थेने २०१५ मध्ये केलेल्या पाहणीत उत्तर देणाऱ्या सुमारे ५६ टक्के स्थळांनी अशांना प्रवेश देत नसल्याचे सांगितले. त्याआधी, २०१३ मध्ये, होक्काइडोतील एका स्नानगृहाने चेहऱ्यावर पारंपरिक गोंदण असलेल्या एका माओरी पाहुणीस परत पाठविले होते. ती आदिवासी भाषांविषयीच्या परिषदेसाठी ऐनूंच्याच प्रदेशात आली होती. ओसाका शहराच्या महापौरांनी २०१२ मध्ये नगरपालिकेच्या कर्मचाऱ्यांकडून अंगावरील गोंदणाची लेखी माहिती मागविली, तेव्हा काहींनी ती देण्यास नकार दिला व प्रकरण न्यायालयात गेले.

गोंदणे हा वैद्यकीय व्यवसाय आहे, असा अर्थ आरोग्य मंत्रालयाच्या २००१ च्या परिपत्रकावरून लावला जाऊ लागला. त्यानुसार वैद्यकीय परवाना नसलेल्या ओसाकातील एका कारागिरास २०१७ मध्ये जिल्हा न्यायालयाने दंड ठोठावला. उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्याला निर्दोष ठरविले आणि सप्टेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. कारागिरांचा धंदा त्यामुळे निर्वेध झाला. स्नानगृहांच्या प्रवेशनियमांचा प्रश्न त्या खटल्यात नव्हता.