पट आणि नाईक : भूमिकाखेळाच्या दोन परंपरा

ज्या खेळाचा कागद मागे उरतो त्याचा इतिहास लिहिला जातो. जो खेळ बोलण्यात घडून बोलण्यातच विरतो त्याचा इतिहास नियमपुस्तकावरून अनुमानाने काढावा लागतो. भूमिकाखेळांच्या तुलनेत ही अडचण पदोपदी येते. खेळाडूने एखाद्या कल्पित व्यक्तीचे सोंग घ्यावयाचे, तिच्या वतीने निर्णय करावयाचे आणि त्यांची फळे भोगावयाची, असा हा खेळ. चार-पाच जण सूत्रधारासमोर बसून तो खेळतात तेव्हा त्यास येथे ‘बैठकीचा खेळ’ म्हटले आहे, व संगणकावर खेळतात तेव्हा ‘यंत्रावरील खेळ’. दुसरा हा पहिल्याचीच सुधारलेली आवृत्ती होय असा जो समज आहे, तो तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या दोहोंतील वाद संगणकाहून पुष्कळ जुना आहे. १८२४ साली प्रशियन सेनाधिकारी राइसविट्झ याने नकाशावर खेळावयाचा युद्धखेळ सिद्ध केला. त्यात फासे होते, हानीची कोष्टके होती आणि त्यांचा अर्थ लावणारा पंच होता. पुढे कोष्टकांचे ओझे इतके वाढले की, १८७६ मध्ये फेर्डी दु फेर्न्वा याने ती बाजूस सारून अनुभवी पंचाच्या विवेकावरच खेळ सोपवावा असे प्रतिपादन केले. नियम श्रेष्ठ की निवाडा, हा प्रश्न अशा रीतीने त्याच वेळी उभा राहिला होता. अमेरिकेत टॉटन यांच्या १८८० च्या ‘स्ट्रॅटेगोस’ या ग्रंथात पंचाचा हा अधिकार आला आणि तेथून तो १९६९ मध्ये डेव्हिड वेझली यांनी उचलला. वेझली यांनी ब्राउनस्टाइन नामक कल्पित जर्मन नगरातील नगराध्यक्ष, विद्यापीठाचा प्रमुख अशा व्यक्तींच्या भूमिका खेळाडूंस वाटून दिल्या. खेळाडूंनी योजनेबाहेरच्याच गोष्टी आरंभिल्या. खेळ फसला असे वेझली यांस वाटले; खेळाडूंस मात्र तो पुन्हा खेळावयाचा होता. त्यांपैकी डेव्ह आर्नेसन यांनी तो प्रकार पुढे वाढविला आणि गॅरी गायगॅक्स यांच्यासह १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या नावाने प्रसिद्ध केला.

पुढच्याच वर्षी, १९७५ मध्ये, इलिनॉय विद्यापीठाच्या ‘प्लेटो’ या शिक्षणार्थ उभारलेल्या संगणकव्यवस्थेत रस्टी रदरफोर्ड यांनी या खेळाचे यांत्रिक रूप रचले. त्यास ‘पेडिट५’ असे रुक्ष नाव होते. पुढे तो पुसून टाकण्यात आला. बैठकीच्या खेळातून यंत्राने काय उचलले हे येथे स्पष्ट दिसते. प्राणशक्तीचे गुण, अनुभवाच्या पायऱ्या, शस्त्रांचे बल, भुयारांचे मार्ग, म्हणजे जे मोजता येते तेवढे उचलले. १९८१ ची ‘विझर्ड्री’ व ‘अल्टिमा’ याच वाटेने गेली. सूत्रधाराचे कान मात्र यंत्रास घेता आले नाहीत.

आपल्याकडे या दोन वृत्तींचे नमुने शोधावयाचे झाल्यास प्रथम मोक्षपट आठवतो. परंपरा त्याचे कर्तृत्व ज्ञानदेवांकडे देते; तथापि याकोब श्मिट-मॅडसेन यांनी कोपनहेगन विद्यापीठास २०१९ मध्ये सादर केलेल्या प्रबंधात ज्या पटांचा विचार आहे ते अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील पश्चिम भारताचे आहेत. सोंगटी जीवाची, तिला सद्गुणांच्या शिड्या वर नेतात, विकारांचे सर्प खाली ओढतात. पट लिहिणाऱ्याने पाप-पुण्याचा हिशोब आधीच मांडून ठेवलेला असतो. खेळाडूने कितीही गयावया केली तरी सर्प ऐकत नाही. निवड नाही, म्हणून यास पूर्ण अर्थाने भूमिकाखेळ म्हणता येणार नाही. पण नियमकर्ता खेळापूर्वीच निघून गेलेला असणे हे यंत्रावरील खेळाचे मुख्य लक्षण येथे उघड दिसते.

दुसरा नमुना नांदेड-लातूरकरांच्या अंगणातील आहे. गोंधळ्यांच्या दोन शाखांपैकी रेणुराई माहूरच्या रेणुकेचे उपासक, तर कदमराई तुळजापूरच्या भवानीचे. माहूर नांदेड जिल्ह्यातच आहे. आणि तुळजापूर ज्या उस्मानाबाद जिल्ह्यात होते त्यातच १९८२ पर्यंत लातूरचाही समावेश होता. संबळ व तुणतुणे यांच्या साथीने मुख्य गोंधळी, म्हणजे नाईक, आख्यान लावतो. साथीदार मध्येच आडवा प्रश्न टाकतो. नाईक त्यास उत्तर देतो, आणि यजमानाचे कुलदैवत, गाव, घरचा प्रसंग यांस अनुसरून कथा वळते. येथे श्रोता खेळाडू नसतो हे खरे. ती उणीव बहुरूपी भरून काढतो. तो शिपायाच्या वेषात दारी येऊन घरधन्यावर आळ घेतो आणि घरधन्यास क्षणभर आरोपीचे सोंग घेणे भागच पडते. त्याने काय उत्तर द्यावे हे कोणी लिहून ठेवलेले नसते. ते उत्तर ऐकूनच बहुरूप्याचे पुढचे वाक्य ठरते. माझ्या मते बैठकीच्या खेळाचे सगळे मर्म या एका क्षणात आहे.

हा भेद एका कल्पित उदाहरणाने अधिक स्पष्ट होईल. समजा, लातुरातील पाच विद्यार्थी १७६० च्या उदगीर मोहिमेवर खेळ मांडून बसले आहेत. एकाकडे मराठ्यांच्या हेराची भूमिका आहे. उदगिराहून औशाच्या दिशेने निरोप न्यावयाचा आहे. वाटेत निजामाची चौकी लागते. यंत्रावरील खेळ त्यास पर्याय दाखवील : लढा, पळा, लाच द्या, लपा. चांगल्या खेळात असे दहा पर्याय असतील. बैठकीतला खेळाडू मात्र म्हणतो, “मी गोंधळी. देवीचा जागर उरकून निघालोय.” सूत्रधाराच्या कोष्टकात हे नाही. तो क्षणभर थांबतो आणि चौकीदाराच्या मुखाने म्हणतो, “मग संबळ कुठं आहे तुझा?” आता खेळाडूस इतिहासाचे ज्ञान लागेल, बोलीचे लागेल, धीटपणाही लागेल. सूत्रधारालाही त्या काळी निजामाच्या चौकीवर कोणकोण मराठी बोलणारे असू शकत याचा विचार करावा लागेल. इतिहासाच्या अध्यापकांस या प्रकारात काही मोल दिसावयास हरकत नाही.

भाषेचा मुद्दाही येथेच येतो. २०२३ चा ‘बाल्डर्स गेट ३’ हा यंत्रावरील खेळांतील अत्यंत समृद्ध खेळ. अनेक भाषांत तो उपलब्ध आहे, त्यांत मराठी नाही. यंत्रावर एक भाषा वाढवावयाची तर प्रत्येक वाक्याचा खर्च येतो. बैठकीत नांदेडची बोली कोणास काहीच खर्चात पाडीत नाही. नियमपुस्तक इंग्रजी असो, खेळ मराठवाडी होतो.

उलट बाजूही नोंदविली पाहिजे. सूत्रधार पक्षपात करतो, थकतो, मित्रास झुकते माप देतो. गोंधळ्यास तर ज्याच्या घरचे अन्न खावयाचे त्या यजमानाची मर्जी सांभाळावी लागे. यंत्र सर्वांस सारखेच बहिरे असते, आणि या बहिरेपणात एक प्रकारची समता आहे. शिवाय ज्यास सोबती नाहीत त्यासही यंत्र खेळू देते. २००२ च्या ‘नेव्हरविंटर नाइट्स’मध्ये यंत्राच्या आत मानवी सूत्रधारास जागा देण्याचा यत्न झाला. २०१९ मधील ‘एआय डंजन’पासून अनपेक्षित वाक्यास उत्तर देणारे यंत्रही आले आहे. त्याने बहिरेपणा बराच घालविला. परंतु संबळ कुठे आहे हे विचारण्याऐवजी ते खेळाडूचे म्हणणे फार लवकर मान्य करते असे प्रस्तुत लेखकास आढळले.

आता पुन्हा साधनांकडे वळू. पट कागदावर किंवा कापडावर लिहिला गेला, म्हणून तो संग्रहांत राहिला. एकनाथांची भारुडे वाङ्मय म्हणून अभ्यासिली जातात. सोंग घेऊन ती सादर होताना मध्ये कोण काय बोलले याचा मागमूस नाही. ‘पेडिट५’ पुसले गेले, तरी त्याची एक प्रत राहिली व आजही ते खेळता येते. आर्नेसन यांची टिपणे १९७७ मध्ये छापली गेली. त्यांत सैन्याचे खर्च आणि नकाशे विपुल आहेत, पण एखाद्या संध्याकाळी त्यांनी खेळाडूस काय उत्तर दिले हे त्यांवरून फारसे कळत नाही. अशा स्थितीत यंत्राशी तुलना होते ती बैठकीच्या खेळाची नव्हे, त्याच्या नियमपुस्तकाची; आणि नियमपुस्तक म्हणून पाहिले तर यंत्र सरस ठरणारच. म्हणून या विषयावर काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने आरंभ ग्रंथालयातून न करता एका बैठकीचे सबंध ध्वनिमुद्रण करून, सूत्रधार नियम सोडून कोठे व का बोलला याची नोंद घेण्यापासून करावा. गोंधळाच्या बाबतीत हेच काम माहूर व तुळजापूरच्या परिसरात करता येईल. त्यात आख्यानाच्या पदांइतकेच साथीदाराचे आडवे प्रश्नही टिपून घेतले पाहिजेत.