गृह-नियंत्रक स्पर्शपटल

गृह-नियंत्रक स्पर्शपटल : घरातील दिवे, पंखे, वातानुकूलक, पाण्याचा पंप, पडदे, दाराचे कुलूप, पहाऱ्याचे कॅमेरे इत्यादींची स्थिती एका ठिकाणी दाखविणारे व बोटाच्या स्पर्शाने त्यांना आज्ञा देण्याची सोय असलेले सपाट दर्शक पटल. पूर्वी अशी पटले या एकाच कामासाठी मुद्दाम बनविली जात व ती फार महाग असत. २०१० नंतर स्वस्त टॅब्लेट संगणक सर्वत्र मिळू लागल्यामुळे भिंतीवर बसविलेला साधा टॅब्लेट हेच या पटलाचे सर्वसामान्य रूप झाले. स्पर्शाने चालणारे पटल, घरातील उपकरणांचे स्वयंचालन आणि अल्पमोली संगणक या तीन स्वतंत्र प्रवाहांच्या संगमातून हे साधन निर्माण झाले आहे.

स्पर्शपटलाचा उगम : स्पर्शपटलाची कल्पना घरगुती गरजेतून निघालेली नाही. इंग्लंडमधील मॅल्व्हर्न येथील रॉयल रडार एस्टॅब्लिशमेंट या संस्थेतील इ. ए. जॉन्सन यांनी १९६५ साली अशा पटलाचे पहिले वर्णन प्रसिद्ध केले. हवाई वाहतुकीचे नियंत्रण करणाऱ्यांना संगणकाशी जलद व्यवहार करता यावा, हा त्यांचा हेतू होता. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या ‘प्लेटो–४’ या संगणकीय शिक्षण योजनेत १९७२ मध्ये पटलाच्या कडांवर अवरक्त किरणांचे उद्‌गम व ग्राहक बसविण्यात आले. बोटाने किरण अडविला की स्पर्शाचे स्थान कळे. उभ्या-आडव्या १६ × १६ चौकटींपैकी कोणत्या चौकटीस विद्यार्थ्याने हात लावला, हे त्यावरून समजत असे.

घराच्या दृष्टीने अधिक बोधप्रद उदाहरण जिनीव्हाजवळील ‘सर्न’ या अणुकेंद्रीय संशोधन संस्थेचे आहे. तेथील प्रचंड प्रोटॉन वेगवर्धकाच्या नियंत्रण कक्षात नेहमीच्या पद्धतीने बटणे बसवावयाची, तर ती हजारोंनी लागली असती. फ्रँक बेक व बेंट स्टंप यांनी त्यावर उपाय म्हणून १६ स्पर्शस्थाने असलेले पारदर्शक पटल १९७३ च्या सुमारास तयार केले. बटणांची संख्या ठराविक ठेवून त्यांवरील अक्षरे व त्यांचे कार्य प्रसंगानुसार बदलावयाचे, हे त्यामागील तत्त्व होते. हा वेगवर्धक १९७६ मध्ये सुरू झाला. आजच्या गृह-नियंत्रक पटलाचे तत्त्वही हेच आहे.

स्पर्शाचे प्रकार : व्यवहारात दोन पद्धती प्रमुख ठरल्या. विद्युत् रोधावर आधारलेल्या पद्धतीत संवाहक लेप दिलेले दोन थर किंचित अंतरावर असतात. दाब दिल्यावर ते एकमेकांस टेकतात व रोधाच्या बदलावरून स्थान कळते. अशी पटले स्वस्त असून हातमोजा घातलेले बोट किंवा लेखणीही त्यांना चालते. मात्र ती जोराने दाबावी लागतात व त्यांची पारदर्शकता कमी असते. दुसरी पद्धत विद्युत् धारणेची (विद्युत् भार साठवून ठेवण्याच्या क्षमतेची) होय. काचेखालील सूक्ष्म पारदर्शक संवाहक जाळ्याजवळ बोट आले की तेथील धारणा बदलते. यात दाब द्यावा लागत नाही व अनेक बोटांचे स्पर्श एकाच वेळी ओळखता येतात. ओल्या हाताने मात्र हे पटल चुकीची आज्ञा घेऊ शकते. स्वयंपाकघरात पटल कोठे लावावयाचे हे ठरविताना ही मर्यादा ध्यानात घ्यावी लागते.

गृह-स्वयंचालन : अमेरिकेतील वेस्टिंगहाउस कंपनीतील अभियंते जिम सदरलँड यांनी १९६६ मध्ये घरगुती हिशेब, घड्याळे इत्यादींसाठी ‘एको–४’ हा संगणक स्वतःच्या घरी उभारला, तो बाजारात आला नाही. १९६९ मध्ये हनीवेल कंपनीचा ‘स्वयंपाकघर संगणक’ १०,६०० डॉलर किंमतीस जाहिरातीत झळकला, पण एकही नग विकला गेल्याचा पुरावा नाही. त्याच्याशी व्यवहार करण्यासाठी गृहिणीने द्विमान अंकांतील बटणे व दिवे यांची भाषा शिकणे अपेक्षित होते. साधन आणि त्याचा वापर करणारा यांमध्ये सुलभ दुवा नसला, तर उत्तम यंत्रही निरुपयोगी ठरते, हे या प्रयोगावरून दिसून आले.

प्रत्यक्ष उपयोगी पडलेली पहिली पद्धती ‘एक्स–१०’ ही होय. स्कॉटलंडमधील ग्लेनरॉथस येथील पिको इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने ती १९७५ मध्ये विकसित केली व १९७८ पासून ती अमेरिकेत विकली जाऊ लागली. तीत घरातील विजेच्या तारांमधूनच १२० किलोहर्ट्‌झ कंप्रतेचे संकेत पाठविले जात व २५६ उपकरणांना वेगवेगळे क्रमांक देता येत. वेगळ्या तारा ओढण्याची गरज नसल्याने ती स्वस्त पडली. परंतु विजेच्या तारांतील गोंगाटामुळे आज्ञा हरवत व ती पोहोचली की नाही हे बहुधा कळत नसे. युरोपात १९९० पासून स्वतंत्र दुतारी जोडणीची प्रमाणित पद्धती रूढ होऊ लागली आणि पुढे तिचे ‘केएनएक्स’ या मानकात रूपांतर झाले. २००० नंतर ‘झेड-वेव्ह’ व ‘झिगबी’ या अल्पशक्तीच्या बिनतारी पद्धती आल्या. या काळात स्पर्शपटले घरात आली, ती मुख्यतः श्रीमंतांच्या बंगल्यांत. पटल, त्याची आज्ञावली आणि ती बसविणारा तंत्रज्ञ हे सर्व एकाच कंपनीशी बांधलेले असत. एखाद्या दिव्याचे नाव बदलण्यासही तंत्रज्ञाला बोलवावे लागे.

स्वस्त टॅब्लेटचे आगमन : २००७ मध्ये ॲपल कंपनीच्या आयफोनमुळे धारणेवर चालणारे बहुस्पर्शी पटल लोकांच्या हातात आले. २०१० मध्ये त्याच कंपनीचा आयपॅड ४९९ डॉलरपासून, २०१२ मध्ये गूगलचा नेक्सस–७ हा १९९ डॉलरपासून आणि २०१५ मध्ये ॲमेझॉनचा फायर ४९.९९ डॉलरला विक्रीस आला. अवघ्या पाच वर्षांत किंमत एक-दशांशावर आली, असे यावरून दिसते. अर्थात या तिन्हींची गुणवत्ता सारखी नव्हती.

भारतात ५ ऑक्टोबर २०११ रोजी विद्यार्थ्यांसाठी ‘आकाश’ हा सुमारे ५० डॉलर खर्चाचा टॅब्लेट प्रकाशित करण्यात आला. त्याचे सात इंची पटल रोधावर आधारलेले होते व मंद प्रतिसादाबद्दल त्यावर टीका झाली. पुढील काळात मुंबईच्या भारतीय तंत्रविद्या संस्थेचा या योजनेत महत्त्वाचा सहभाग होता. नोव्हेंबर २०१२ मधील ‘आकाश–२’ मध्ये धारणेवर चालणारे पटल वापरण्यात आले.

याच सुमारास आज्ञावलीही मुक्त झाली. ‘ओपनहॅब’ (२०१०) व ‘होम असिस्टंट’ (२०१३) या खुल्या प्रणालींमुळे निरनिराळ्या कंपन्यांची उपकरणे एकत्र जोडता येऊ लागली. २०१२ मध्ये आलेल्या ३५ डॉलरच्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावरही अशी प्रणाली चालविता येऊ लागली. आज्ञा देण्याचे पान साध्या न्याहाळकात (ब्राउझरमध्ये) उघडत असल्याने कोणताही टॅब्लेट नियंत्रक पटल होऊ शकला.

निवडीचे निकष : कमी किंमतीचा टॅब्लेट निवडताना पुढील बाबी पाहणे इष्ट ठरते. (१) आकार : भिंतीवरील पटलासाठी आठ ते दहा इंच सोयीचे असते, त्याहून लहान पटलावर वृद्धांना अक्षरे वाचणे अवघड जाते. (२) पटल : सतत तेच चित्र दाखवावयाचे असल्याने द्रव-स्फटिक पटल बरे, सेंद्रिय प्रकाशी घटकांच्या पटलावर कालांतराने चित्राचा डाग उमटू शकतो. (३) आज्ञावलीचे आयुष्य : ज्या टॅब्लेटला नव्या आवृत्त्या मिळत नाहीत, त्याचा न्याहाळक काही वर्षांत जुना होतो व पान उघडेनासे होते, शिवाय सुरक्षिततेतही उणीव राहते. (४) विद्युत् घट : कायम भारित ठेवल्यास लिथियम-आयन घट फुगण्याचा धोका असतो, विशेषतः उष्ण जागी. भारणाची मर्यादा सुमारे ८० टक्क्यांवर रोखण्याची सोय असावी व टॅब्लेट बंदिस्त खोबणीत न बसविता त्याच्यामागे हवा खेळती ठेवावी. (५) लिपी : पानावरील नावे देवनागरीत स्पष्ट उमटावीत, तसे झाल्यास घरातील सर्वांना पटल वापरता येते.

सत्तेचा प्रश्न : किंमतीपेक्षाही महत्त्वाचा मुद्दा घराचे नियंत्रण कोणाकडे राहते हा आहे. पटलावरील आज्ञा कंपनीच्या दूरस्थ संगणकामार्फत फिरून येत असेल, तर ती सेवा थांबताच घरातील साधने निरुपयोगी होऊ शकतात. रिव्हॉल्व्ह या नियंत्रकाची सेवा मे २०१६ मध्ये बंद करण्यात आली व सुमारे ३०० डॉलरचे ते यंत्र निकामी झाले. एप्रिल २०२२ मध्ये इन्स्टिऑन कंपनीचे संगणक पूर्वसूचनेविना बंद पडले. काही आठवड्यांनी ग्राहकांच्याच एका गटाने ती कंपनी घेऊन सेवा पुन्हा सुरू केली. ऑक्टोबर २०२२ मध्ये जाहीर झालेल्या ‘मॅटर’ या समाईक मानकात उपकरणांचा घरातल्या घरात परस्परांशी संवाद हे तत्त्व स्वीकारण्यात आले, त्यास ही पार्श्वभूमी आहे.

ज्या भागांत वीजपुरवठा वारंवार खंडित होतो, तेथे आणखी एक गोष्ट विचारात घ्यावी लागते. टॅब्लेट स्वतःच्या घटावर चालू राहिला, तरी बिनतारी जाळे चालविणारे यंत्र बंद पडल्यास तो केवळ निर्जीव चित्र दाखवीत राहतो. म्हणून त्या यंत्रालाही पर्यायी वीजपुरवठा असणे आवश्यक असते. भिंतीवरील नेहमीची बटणे काढून न टाकता पटलाच्या जोडीने चालू ठेवणे, ही पद्धत सर्वांत सुरक्षित समजली जाते. ज्यांना उठून बटणापर्यंत जाता येत नाही अशा रुग्णांना व अपंगांना हे पटल स्वावलंबन देते. घरातील इतरांना ते केवळ सोय देते. पहिल्या वर्गाच्या दृष्टीने पटलाचा भरवसा हा किंमतीहून मोठा निकष होय.