एजंट ऑरेंज : तंत्रिका-विकार व माजी सैनिकांचे दावे

व्हिएटनाम युद्धात १९६२–७१ या काळात शत्रूचा आसरा असलेली जंगले निष्पर्ण करण्यासाठी व पिके नष्ट करण्यासाठी अमेरिकेने विमानांतून वनस्पतिनाशके फवारली. त्यांपैकी सर्वाधिक वापरले गेलेले मिश्रण म्हणजे एजंट ऑरेंज. पिंपांवरील नारिंगी पट्ट्यावरून हे नाव पडले. २,४-डी व २,४,५-टी ही द्रव्ये त्यात सम प्रमाणात असत. दुसऱ्याच्या उत्पादनात टीसीडीडी हे अतिविषारी डायॉक्सिन अशुद्धीच्या रूपाने उतरे.

मायदेशी परतलेल्या सैनिकांच्या तक्रारींत हातापायांची बधिरता, मुंग्या व जळजळ ही परिघीय तंत्रिकांच्या (मेंदू व मेरुरज्जू यांबाहेरील मज्जातंतूंच्या) विकाराची लक्षणेही होती. उत्पादक कंपन्यांनी १९८४ मध्ये १८ कोटी डॉलर देऊन दिवाणी दावा मिटविला. शासनाने मात्र १९८५ च्या नियमांत क्लोरॲक्ने या त्वचारोगाचाच संबंध मान्य केला. कार्यकारणभावाचा काटेकोर पुरावा मागणारे हे नियम १९८९ मध्ये न्यायालयाने अवैध ठरविले. १९९१ च्या एजंट ऑरेंज कायद्याने व्हिएटनाममध्ये सेवा केलेल्या सैनिकाचा विषसंपर्क गृहीत धरला आणि शास्त्रीय पुराव्याची छाननी राष्ट्रीय विज्ञान अकादमीकडे सोपविली.

तीव्र व अल्पतीव्र तंत्रिका-विकारास १९९६ मध्ये मान्यता मिळाली, पण दोन अटींवर : विकार संपर्कापासून एका वर्षात निदान १० टक्के अपंगत्वाइतका प्रकट झालेला असावा व उद्‌भवापासून दोन वर्षांत बरा झालेला असावा. अमेरिकी सैन्य १९७३ मध्येच परतले असल्याने पहिली मुदत टळून दोन दशके उलटली होती. मुंग्या येतात म्हणून रणभूमीवर वैद्याकडे जाऊन नोंद करवून घेणारे थोडेच. दुसरी अट तर अधिकच विपरीत. ज्याची वेदना टिकून होती, तोच तिच्यामुळे अपात्र ठरे. विकार चिरकाल टिकू शकतो, या अकादमीच्या निष्कर्षानंतर २०१३ मध्ये ती रद्द झाली व विकारास ‘शीघ्रोद्‌भवी’ हे विशेषण लाभले. वर्षाची अट मात्र कायम राहिली.

व्यवहारात वाट निघाली ती मधुमेहातून. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाचा गृहीत रोगांच्या यादीत २००१ मध्ये समावेश झाला आणि त्यापासून उद्‌भवणारा तंत्रिका-विकार दुय्यम अपंगत्व म्हणून भरपाईस पात्र ठरला. मधुमेह नसलेल्यास व वर्षाच्या मुदतीत न बसणाऱ्यास वैद्यकीय अभिप्राय मिळवून संबंध स्वतःच सिद्ध करावा लागतो. २०२२ च्या पॅक्ट कायद्याने थायलंड, लाओस, कंबोडिया इ. प्रदेशांतील विशिष्ट कालखंडांतील सेवाही ग्राह्य धरली व यादीत उच्च रक्तदाब घातला. उपर्युक्त मुदत त्याने शिथिल केली नाही.

व्हिएटनामी पीडितांनी उत्पादक कंपन्यांविरुद्ध २००४ मध्ये अमेरिकेत दाखल केलेला दावा २००५ मध्ये फेटाळला गेला आणि २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला.