सायकलची क्विक रिलीज यंत्रणा

क्विक रिलीज ही सायकलचे चाक पान्याशिवाय, केवळ हाताने काढता व बसवता यावे यासाठीची यंत्रणा आहे. शर्यतीच्या, डोंगरी तसेच गिअर असलेल्या अनेक सायकलींत ती आढळते. भारतातील पारंपरिक काळ्या सायकलींत चाक आसाच्या दोन्ही टोकांच्या नटांनी आवळलेले असते. क्विक रिलीजमध्ये हे काम कॅम असलेली तरफ करते. यंत्रणा योग्य रीतीने बंद केल्यास चाक घट्ट राहते. ती अर्धवट बंद राहिल्यास किंवा नटासारखी फिरवून आवळल्यास मात्र पुढचे चाक सुटून गंभीर अपघात होऊ शकतो.

इतिहास

या यंत्रणेच्या प्रसाराचे श्रेय इटलीतील विचेंझा येथील सायकलपटू तुल्यो कँपान्योलो (१९०१–१९८३) यांना दिले जाते. त्या काळी गिअर बदलण्यासाठी शर्यतीत मागचे चाक काढून उलटे बसवावे लागे. १९२० च्या दशकात क्रोचे दाउने या खिंडीत बर्फामुळे बोटे बधिर झाल्याने कँपान्योलो यांना चाकाचे नट सोडवता आले नाहीत व त्यातून या यंत्रणेची कल्पना सुचली, अशी आख्यायिका आहे. त्या खिंडीत त्यांचे स्मारक आहे. १९३३ मध्ये त्यांनी स्वतःच्या नावाची कंपनी स्थापन केली. पुढे शर्यतीच्या सायकलींत ही यंत्रणा सर्वमान्य झाली.

रचना व कार्य

हबचा आस पोकळ असतो व त्यातून सुमारे ५ मिमी जाडीची सळई जाते. सळईच्या एका टोकाला तरफ व कॅम, तर दुसऱ्या टोकाला आट्यांवर फिरणारा नट असतो. फोर्कच्या दोन टोकांमधील अंतर पुढच्या चाकासाठी सामान्यतः १०० मिमी असते. मागच्या चाकासाठी चौकटीतील हे अंतर शर्यतीच्या सायकलीत १३० मिमी, तर डोंगरी सायकलीत १३५ मिमी असते. तरफ उघड्या स्थितीतून बंद स्थितीत वळवली की कॅमचा विकेंद्री भाग सळईला ओढून ताणतो. त्यामुळे फोर्कची टोके आसाच्या दोन्ही बाजूंवर दाबली जातात. तरफ व नट यांच्या आतील बाजूस असलेले खरखरीत दाते फोर्कच्या धातूत किंचित रुततात.

सळईवरील दोन शंकूच्या आकाराच्या स्प्रिंगांचा चाक घट्ट धरण्याशी संबंध नसतो. चाक बसवताना तरफ व नट समान अंतरावर ठेवणे एवढेच त्यांचे काम असते. त्यांचे अरुंद टोक हबकडे असावे लागते.

कॅमचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात पोलादी कॅम आवरणाच्या आत असतो. त्यात घर्षण कमी व धूळ-पाण्यापासून संरक्षण अधिक असते. दुसऱ्यात कॅम उघडा असून तो बहुधा प्लॅस्टिकच्या चकतीवर घासतो. हा प्रकार वजनाने हलका असला, तरी हाताच्या तेवढ्याच जोरात त्याची पकड तुलनेने कमी बसते.

योग्य वापर

तरफ उघडी ठेवून नट हाताने फिरवावा व ताण ठरवावा. त्यानंतर तरफ फिरवायची नसते, तर वळवून बंद करायची असते. तरफ सळईच्या रेषेत आली असता, म्हणजे अर्ध्या वाटेवर, विरोध जाणवू लागला पाहिजे. पूर्ण बंद करताना तळहातावर तिचा ठसा उमटावा एवढा जोर लागला पाहिजे. ती सहज बंद झाल्यास ताण अपुरा आहे असे समजून, तरफ उघडून नट थोडा आवळावा. प्रत्येक फेरीपूर्वी, तसेच सायकल वाहनातून नेल्यावर किंवा सार्वजनिक ठिकाणी उभी केल्यावर, तरफ तपासणे आवश्यक मानले जाते.

अपघातांची कारणे

सैल चाक लगेच निखळत नाही, कारण स्वाराचे वजन फोर्कला आसावर दाबून ठेवते. रस्त्यावरील उंचवट्यावर सायकलचा पुढचा भाग उचलला गेला, की चाक खाचेतून खाली सरकते; मग फोर्क जमिनीत रुतून स्वार हँडलवरून पुढे फेकला जातो. डोके, चेहरा व मान यांना इजा होण्याचा धोका यात मोठा असतो. हे टाळण्यासाठी फोर्कच्या खाचेभोवती उंचवटे ठेवले जातात. नुकसानभरपाईच्या खटल्यांच्या धास्तीने ते आले, म्हणून इंग्रजीत त्यांना थट्टेने ‘लॉयर लिप्स’, म्हणजे वकिली ओठ, असे म्हणतात. चाक सोडवण्यासाठी तरफ उघडल्यावर नटही काही आटे सैल करावा लागतो. झटपट चाक काढता यावे म्हणून हे उंचवटे कानशीने घासून काढण्याची प्रथा धोकादायक आहे.

डिस्क ब्रेकमुळे वेगळा प्रश्न निर्माण झाला. ब्रेकचा कॅलिपर सहसा फोर्कच्या डाव्या पायाच्या मागे असतो. तेथे डिस्क वरच्या दिशेने फिरत असल्याने ब्रेक लागताच डिस्कवर खालच्या दिशेने बल पडते. १६० मिमी व्यासाच्या डिस्कची त्रिज्या चाकाच्या त्रिज्येच्या साधारण चतुर्थांश असल्याने, हे बल टायर व रस्ता यांच्यातील ब्रेकबलाच्या चौपटीहून अधिक असू शकते. खाच खालच्या बाजूने उघडी असल्यास ते आसाला बाहेर ढकलते. ब्रिटिश शास्त्रज्ञ व सायकलपटू जेम्स ॲनन यांनी २००३ मध्ये या धोक्याकडे लक्ष वेधले.

२०१५ मधील परत मागवणी

एप्रिल २०१५ मध्ये ट्रेक कंपनीने अमेरिकेतील सुमारे ९ लाख सायकली दुरुस्तीसाठी परत मागवल्या. या सायकलींची उघडी तरफ १८० अंशांहून अधिक वळून पुढच्या डिस्कमध्ये अडकू शकत होती. तसे झाल्यास चाक अचानक थांबण्याची अथवा निखळण्याची शक्यता होती. नोंदवलेल्या तीन अपघातांपैकी एकात स्वाराचे हात-पाय कायमचे लुळे पडले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आणखी १३ कंपन्यांनी याच कारणास्तव अमेरिकेतील सुमारे १३ लाख सायकली परत मागवल्या. ग्राहकांना सोपी कसोटी सांगण्यात आली: पूर्ण उघडलेली तरफ व डिस्क यांच्यात पेन्सिलीएवढे, म्हणजे सुमारे ६ मिमी अंतर नसल्यास सायकल वापरू नये.

पर्यायी रचना

डिस्क ब्रेकच्या नव्या सायकलींत क्विक रिलीजऐवजी आरपार आस वापरला जातो. सामान्यतः १२ किंवा १५ मिमी जाडीचा हा आस उघड्या खाचेऐवजी फोर्कच्या बंद छिद्रांतून जातो व आट्यांनी बसतो. त्यामुळे तो काहीसा सैल झाला, तरी चाक लगेच खाली निखळू शकत नाही.