रिकाम्या हातांचा खेळ

१८८३ च्या सुमारास पॅरिसच्या वेशीवरील बुलोन्यच्या वनात एक माणूस काळ्या पार्श्वभूमीसमोरून धावत गेला. त्याचा पोशाख नखशिखान्त काळा होता. हातापायांवर तेवढ्या पांढऱ्या रेघा ओढल्या होत्या. शरीरक्रियाशास्त्रज्ञ एत्येन-ज्यूल मारे यांनी एकाच काचेवर त्याच्या धावण्याच्या अनेक क्षणांचे छायाचित्र घेतले. काचेवर जे उमटले त्यात माणूस उरलाच नव्हता. रेघांचा एक धावता सांगाडा तेवढा होता.

कॅमेऱ्यासमोर उभे राहून, हातात काहीही न धरता पडद्यावरचे टेनिस किंवा फुटबॉल खेळण्याची कथा सहसा २०१० च्या किनेक्टपासून सांगितली जाते. तिचा आरंभ मारे यांच्या काचेपाशी मानणे अधिक सयुक्तिक ठरेल. पुढच्या प्रत्येक संशोधकाला त्यांचाच प्रश्न सोडवावा लागला: हलत्या देहातले काय टिपायचे आणि काय गाळायचे?

अमेरिकी संगणकतज्ज्ञ व कलावंत मायरन क्रूगर यांनी १९७० च्या दशकात उत्तर दिले ते सावलीचे. त्यांच्या ‘व्हिडिओप्लेस’मध्ये माणूस उजळलेल्या पडद्यापुढे उभा राही, कॅमेरा त्याची केवळ बाह्याकृती टिपे आणि संगणक त्या आकृतीभोवती खेळ रचे. ‘क्रिटर’ नावाचा एक चिमुकला जीव त्या सावलीवर चढून डोक्यावर जाऊन नाचे. अंगावर यंत्र चढवून आभासी जगात शिरण्याची कल्पना क्रूगर यांना मान्य नव्हती. माणसाने आहे तसे यावे आणि ओळखण्याचे कष्ट यंत्राने घ्यावेत, अशी त्यांची भूमिका होती. १९८६ मध्ये टोरांटोत व्हिन्सेंट जॉन व्हिन्सेंट आणि फ्रान्सिस मॅकडूगल यांनी ‘मंडला’ ही प्रणाली उभी केली. तिच्यात सावलीऐवजी खेळाडूची स्वतःचीच प्रतिमा पडद्यावर येई आणि ती चित्रातल्या वस्तूंना स्पर्श करू शके.

ही प्रयोगशाळा घरात आणली रिचर्ड मार्क्स यांनी. स्टॅनफर्डमध्ये पाण्याखालील यंत्रमानवांच्या दृष्टीवर संशोधन केलेले हे अभियंते १९९९ मध्ये सोनीत दाखल झाले, आणि २००३ च्या उन्हाळ्यात युरोपात ‘आयटॉय’ बाजारात आले: प्लेस्टेशन २ ला जोडायचा एक स्वस्त कॅमेरा. सोबतच्या १२ छोट्या खेळांत डोक्याने चेंडू हवेत ठेवण्याचा खेळ होता, मुष्टियुद्धही होते. युक्ती साधी होती. लागोपाठच्या दोन चौकटींची तुलना करायची. जिथे फरक दिसेल तिथे हालचाल झाली असे मानायचे. हललेला तो हात की डोके, हे यंत्राला ठाऊक नसे. मागे वाऱ्याने पडदा फडफडला तरी त्याच्या लेखी तो खेळाडूच! तरीही २००८ पर्यंत १ कोटीहून अधिक आयटॉय विकले गेले.

निन्टेंडोने २००६ मध्ये वाट उलटी केली. ‘वी’ या यंत्रात कॅमेरा होता, पण तो हातातल्या रिमोटच्या टोकाला. टीव्हीजवळ ठेवायची ‘सेन्सर’ पट्टी नावापुरतीच, तिच्यात नुसते अवरक्त दिवे. टेनिसचा फटका मात्र रिमोटमधला त्वरणमापक ओळखे, आणि सोफ्यावर बसून मनगटाला हिसका दिला तरी तो फटका जाई, हे पोरांनी लवकरच हेरले. सोनीच्या ‘मूव्ह’मध्ये हातातल्या कांडीवर प्रकाशाचा गोळा होता, कॅमेऱ्याला तो जितका लहान दिसे तितका हात दूर. गल्ली क्रिकेट पडद्यावर आणताना मुंबईच्या ट्राइन गेम्सने हेच साधन निवडले. क्रिकेटला बॅट लागते, रिकामी मूठ नव्हे. ही निवड शहाणपणाचीच म्हणावी लागेल.

किनेक्टची झेप वेगळ्या जातीची होती. प्राइमसेन्स या इस्रायली कंपनीचे तंत्र खोलीत अदृश्य अवरक्त ठिपक्यांची जाळी फेके आणि तिच्या विस्कटण्यावरून प्रत्येक बिंदूचे अंतर काढी. पण अंतर कळले म्हणून कोपर कळत नाही. केंब्रिजच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये जेमी शॉटन आणि सहकाऱ्यांनी संगणकाला लाखो कृत्रिम देहचित्रे दाखवली: उंच, बुटके, जाड, सडपातळ, लाथ मारणारे, नाचणारे, धावणारे. देहाचे ३१ भाग कल्पून प्रत्येक बिंदू कोणत्या भागाचा, हे यंत्र स्वतंत्रपणे ठरवू लागले आणि त्यातून सांध्यांची जागा काढू लागले. मारे यांचा सांगाडा परत आला होता, या वेळी काळ्या पोशाखाविना.

‘किनेक्ट स्पोर्ट्स’मध्ये फुटबॉल, बोलिंग, मुष्टियुद्ध, टेबल टेनिस, बीच व्हॉलीबॉल व मैदानी स्पर्धा होत्या. पहिल्या ६० दिवसांत ८० लाख किनेक्ट विकले गेले. उणिवाही लगेच दिसल्या. एका खेळाडूला टीव्हीसमोर सुमारे ६ फूट मोकळी जागा हवी, दोघांना ८. शिवाय देहाची हालचाल आणि पडद्यावरची हालचाल यांत जाणवेल इतका विलंब. मुरलेले खेळाडू कंट्रोलरकडे परतले ते यामुळेच.

कलाटणी मात्र खेळाबाहेरून आली. मे २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केलेला एक्सबॉक्स वन सुरुवातीच्या योजनेनुसार किनेक्टविना चालणारच नव्हता. पुढच्याच महिन्यात एडवर्ड स्नोडेन यांनी अमेरिकी सरकारची पाळत उघड केली, आणि दिवाणखान्यातला तो डोळा एकाएकी निराळा भासू लागला. ऑगस्टमध्ये कंपनीने अट मागे घेतली; जून २०१४ पासून यंत्र किनेक्टविना, १०० डॉलरने स्वस्त मिळू लागले. ऑक्टोबर २०१७ मध्ये किनेक्टचे उत्पादन थांबल्याचे जाहीर झाले.

मधल्या काळात, २०१३ मध्येच, प्राइमसेन्स ॲपलने विकत घेतली होती. किनेक्ट संपल्याची बातमी आल्यावर दहा दिवसांच्या आतच आयफोन टेन दुकानांत आला. ३० हजारांहून अधिक अवरक्त ठिपके त्याच्या धन्याच्या चेहऱ्यावर पडत होते. आता सांगाडा नव्हे, चेहराच हवा होता.

घरातला तो खेळ अलीकडे पुन्हा परतला आहे. २०२३ अखेर अमेरिकेत ‘नेक्स प्लेग्राउंड’ नावाची मुठीएवढी पेटी आली. कॅमेऱ्याने टिपलेल्या देहाचे गणित ती आपल्यातच करते. खेळ संपला की तिच्या भिंगावर बसवायला एक चुंबकी झाकण सोबत मिळते.