रविवारची दाढी, लालबाग

ओठांच्या वरून बोट फिरव. लव आहे, कडेला दाट, मध्ये विरळ. हनुवटीखाली आणि कानाजवळ मात्र काही केस एकेकटे वाढलेत, काळे, राठ. तुझं वय सोळा. आज रविवार, १७ जानेवारी १९८२. मुंबई, लालबाग, चाळीचा तिसरा मजला, दहा बाय बाराची खोली. खोलीत तुझ्यासकट सहा माणसं राहतात. गावाकडचा एक काका बाहेर गॅलरीत तोंडावर चादर ओढून झोपलाय, कारण तो रात्रीची तिसरी पाळी करून सकाळी परतला आहे.

तुझं खरं आयुष्य इथून चाळीसेक वर्षं पुढे आहे. ते इथे कुणाला ठाऊक नाही आणि सांगायचंही नाही. उद्यापासून या वस्तीत काय घडणार आहे ते तुला माहीत आहे, तुझ्या बाबांना नाही. एवढं ओझं घेऊन बसावं लागेल. पण आत्ता त्यांनी हाक मारली आहे.

"ये. उजेडात बस."

हाक मोठ्यानं आली, सगळ्या गॅलरीला ऐकू गेली. बाबा कापडगिरणीच्या साळखात्यात, विणकामावर आहेत. वर्षानुवर्षं साच्यांच्या खडखडाटात उभं राहून त्यांचा कान गेलाय, त्यामुळे घरातही ते ओरडूनच बोलतात. नाहीतर बोलतच नाहीत, हातानं सांगतात. धोटा इकडून तिकडे पळत असताना शेजारच्या साच्यावरच्या माणसाला काही सांगायचं तर हातच कामाला येतात. आज तुला जे शिकायचं आहे त्यातलं बरंचसं असंच, हातांच्या खुणांनी येणार आहे.

ते घरी आहेत कारण रविवार आहे. ही सुट्टी गिरणी कामगारांना कुणी आपण होऊन दिलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली, सभा घेतल्या, सह्यांचे अर्ज केले, तेव्हा कुठे १८९० साली रविवार मोकळा झाला. याच लोखंड्यांनी विधवांच्या केशवपनाविरुद्ध मुंबईतल्या न्हाव्यांना एकत्र आणलं. आम्ही बायाबापड्यांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही, असं ठरवणारी ती माणसं हातावर पोट असणारी होती. वस्तरा कुठे चालवायचा नाही हे ठरवण्याचा हक्क त्यांनी स्वतःकडे घेतला. मला ही गोष्ट फार मोठी वाटते, आणि या सकाळी तुला ती माहीत असावी असंही वाटतं.

आरसा खिडकीच्या गजाला टांगलेला आहे. बाबा बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा उघडतात. आत रेझर, वरचा चकचकीत मुलामा जागोजागी उडून खालचं पितळ दिसणारा. ब्रश. प्लास्टिकच्या वाटीत गोदरेजचा गोल साबण, मधोमध झिजून खड्डा पडलेला. तुरटीचा खडा. आणि टोपाझच्या ब्लेडची पुडी. या घरात ब्लेड सहजासहजी टाकून देत नाहीत. बाबांची दाढी झाली की ते ब्लेड काचेच्या पेल्यात आतल्या बाजूनं बोटानं दाबून घासतात, की आणखी दोन-तीन दाढ्या निघतात. त्यानंतर ते ताईच्या पेन्सिलीला टोक काढतं, आईला शिवण उसवायला लागतं.

आज मात्र ते नवं ब्लेड काढतात. कागद उलगडतात, ब्लेड दोन्ही टोकांना चिमटीत धरतात, रेझरच्या दोन पत्र्यांमध्ये बसवतात आणि खालची दांडी पिळतात. स्वतःसाठी त्यांनी जुनंच बाजूला ठेवलंय. हे तुझ्या लक्षात येतं, पण सोळाव्या वर्षी यावर काय बोलायचं असतं ते येत नाही. जाणत्या हाताला बोथट धारेनं निभावून नेता येतं. नवख्या हातात बोथट ब्लेड आलं की तो जोर लावतो आणि तिथेच कातडं जातं. नवं ब्लेड तुला देण्यात माया आहे आणि कामाची समजही आहे. साळखात्यातल्या माणसात या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत.

मोरीजवळ तांदूळ निवडत बसलेल्या आजीनं रेझर पाहिला आहे.

"बापूस जितो आसा, आणि मिशी काढतलस?"

सूप तिनं खाली ठेवलंय. तू ज्या काळातून आलास तिथे हसून सोडून देतील अशी ही गोष्ट. तू हसू नकोस. मालवणकडच्या तिच्या गावात मुलाची मिशी उतरते ती बाप गेल्यावर. डोक्याबरोबर ओठही भादरला जातो, आणि तेवढ्यावरून परक्या गावातल्या माणसालाही कळतं की या घरातला कर्ता गेला. आजोबा गेले तेव्हा तिनं आपल्या दोन्ही मुलांचे ओठ उघडे पडलेले पाहिले आहेत. या रेझरमध्ये तिला तो दिवस दिसतो आहे, आणि या वेळी मरणारा माणूस तिचा मुलगा आहे. या भीतीला तोंड द्यायला माझ्याजवळ एकही युक्तिवाद नाही.

"मिशयेक हात लावणय नाय, आये," बाबा म्हणतात. "खालचीच काढतंय."

ती पुन्हा सूप उचलते, पण मान तुझ्याकडेच. काल शनिवार होता म्हणून तिनं चालू दिलं नाही. उद्या सोमवार, न्हाव्यांची दुकानंसुद्धा बंद. उरतो तो रविवार.

स्टोव्हवरचं पाणी गरम झालंय. टॉवेल बुडवून, पिळून बाबा तो तुझ्या तोंडावर धरून ठेवतात. तुला वाटतं झालं. ते हात काढत नाहीत. वाफ नाकात जाते.

"सूत ओलं झालं की बळ धरतं," टॉवेलाच्या पलीकडून त्यांचा आवाज येतो. "म्हणून खात्यात हवा दमट ठेवतात, धागा तुटू नये म्हणून. केसाचं उलटं. ओला झाला की बळ सोडतो. घाई करायची नाही."

हे त्यांनी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही, आणि ते तंतोतंत खरं आहे. कापसाचा धागा भिजल्यावर अधिक ताण सोसतो; केस पाणी पिऊन फुगतो, मऊ होतो आणि कोरड्या केसापेक्षा कितीतरी कमी जोरात कापला जातो. आयुष्य धाग्यांवर घालवलेल्या माणसानं पोराच्या दाढीपाशी हे आणून ठेवावं, यापेक्षा चांगला पाठ कुठल्या शाळेत मिळाला असता ते मला सांगता येणार नाही.

फेस. ब्रश गोल गोल फिरतो, केसांच्या मुळाशी शिरतो, त्यांना उभं करतो. आरशात गाल पांढरे झालेत आणि वर तुझी विरळ मिशी एकाएकी काळी दिसते. दारात ताई हसते. आई स्टोव्हकडे तोंड करून उभी आहे. मध्येच वळून एकदा पाहते, परत वळते.

बाबा डावा गाल स्वतः करतात. उजवा तुझा.

आता फक्त त्यांच्या हातांकडे बघ. डाव्या हाताचं बोट कानाजवळ टेकवून ते कातडं वर ताणतात. रेझरचं डोकं गालावर सपाट ठेवतात, दांडी बाहेर आडवी. मग दांडी हळूहळू खाली आणतात, आणि एका ठिकाणी ब्लेड केसाला भेटतं. तिथेच थांबतात, तोच कोन धरतात. दाब नाहीच. तुझ्या तळहातावर रेझर नुसता ठेवून ते खूण करतात: वजन बघ. एवढंच वजन पुरे. मग ते खाली येतात, बोटाच्या दोन पेरांएवढं अंतर, की लगेच पाण्यात बुडवून झटकायचं. परत तेवढंच. आवाज येतो बारीक, कोरड्या पानावरून चालल्याचा. फेस जातो आणि खालून तुझाच गाल निघतो, पण ओळखीचा नाही.

"तू घे."

रेझर हातात येतो आणि एकदम जड वाटतो. आतलं पोलाद मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढं पातळ आहे. पहिला हात फुकट जातो, नुसता फेस निघतो, केस तसेच. बाबा तुझ्या मनगटाला दोन बोटं लावतात, दांडी किंचित खाली करतात. दुसरा हात लागतो. ते बोटं काढून घेतात.

मानेवर आलास की थांब. इथे केस खाली पडत नाहीत. कुठे आडवे, कुठे वर. बाबा आपल्याच मानेवरून बोटं फिरवून दाखवतात: जिकडे हात अडतो ती उलटी बाजू. प्रत्येकाची निराळी. उलटा हात न्हाव्याला शोभतो, पहिल्या दिवशी पोरानं मारायचा नाही. ज्या दिशेला केस झोपलेत त्याच दिशेनं.

जबड्याच्या हाडापाशी तू वळतोस आणि कोन सुटतो. दुखत नाही. फेसावर एक लाल ठिपका येतो, पसरतो, गुलाबी होतो. आजीला दिसायच्या आत बाबा तुरटी पाण्यात बुडवून तिथे दाबतात. आता दुखतं, चांगलंच. तुरटी रक्तातली प्रथिनं गोठवते आणि कातडं आवळून घेते, त्यामुळे एवढ्याशा जखमेचं तोंड लगेच मिटतं. डोळ्यांत पाणी आलं तर येऊ दे, टॉवेल आहेच.

"आता बघ, दुप्पट येतील," आई म्हणते. आख्ख्या चाळीचं हेच मत आहे. तुझ्या पुढच्या काळातही लोक हेच म्हणत असतात, खरं तर १९२८ सालीच मिल्ड्रेड ट्रॉटर नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी मोजमाप करून दाखवलं होतं की दाढी केल्यानं केस ना दाट होतात ना लवकर वाढतात. मूळ कातड्याच्या आत असतं, ब्लेड तिथे पोचतच नाही. पहिल्यांदा उगवलेल्या केसाचं टोक निमुळतं असतं, कापल्यावर ते बोथट होतं, म्हणून खुंट हाताला राठ लागतात. दाट येतील ते तुझ्या वयामुळे. आईला हे सांगत बसू नकोस. तिच्या बोलण्यात तक्रार कमी आणि कौतुक जास्त आहे.

जुन्या शास्त्रात या दिवसासाठी चक्क एक संस्कार सांगितलाय. केशान्त त्याचं नाव. मनुस्मृतीत ब्राह्मणाला सोळाव्या वर्षी, क्षत्रियाला बाविसाव्या, वैश्याला चोविसाव्या. गुरूला गाय द्यायची म्हणून त्याला गोदानही म्हणत. गिरणीत राबणाऱ्यांच्या घरांचा त्या यादीत पत्ता नाही. मला त्याची खंत वाटत नाही. बिस्किटांच्या डब्यातून काढलेलं एक नवं ब्लेड, मनगटावर टेकलेली दोन बोटं: एवढ्यात सगळा संस्कार होतो, आणि इथे तो गुरूवर न सोपवता बाप स्वतः करतो.

तोंड धुऊन तू वळतोस तेव्हा दारात शेजारचे तात्या उभे आहेत, हातात 'नवाकाळ'.

"काय, झिलगो मोठो झालो! मग, उद्यापासून नक्की ना?"

"नक्की म्हणजे? सगळ्या गिरण्या," बाबा म्हणतात.

ते बोलतात आणि तू ऐकतोस. बोनस, पगारवाढ, दुसऱ्यांच्या जागी तात्पुरत्या कामावर येणाऱ्या बदलीवाल्यांचे हाल. १९४६ च्या कायद्यानं गिरण्यांत बोलणी करायचा अधिकार एकट्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाला, आणि कामगार जमतात ते दुसऱ्याच पुढाऱ्याच्या, डॉक्टर दत्ता सामंतांच्या मागे. "आमचं म्हणणं मांडायला आम्हाला हवा तो माणूस नको काय?" बाबा विचारतात, आणि हा प्रश्न तुझ्या काळातही तेवढाच रास्त आहे. त्यांचं बोलणं नीट ऐक, कारण पुढे जो तो त्यांना शहाणपण शिकवणार आहे. ही माणसं भडकलेली नाहीत. हिशेब करून, एकमेकांना विचारून ती उभी राहिली आहेत. उद्या सुमारे अडीच लाख माणसं कामावर जाणार नाहीत. संप वर्षाच्या पलीकडे लांबेल, आणि तो मागे घेतल्याची घोषणा कधीच होणार नाही. हजारो माणसांना पुन्हा काम मिळणार नाही. चाळीतली कितीतरी बिऱ्हाडं कोकणच्या नाहीतर घाटावरच्या एसटीत बसतील. सामंतांचा खून होईल, १६ जानेवारी १९९७ ला. या गिरण्यांच्या चिमण्यांच्या जागी काय उभं राहील, तेही तू पाहिलं आहेस.

बाबा शर्टाची वरची दोन बटणं काढतात, तुझ्याकडे पाठ करून स्टुलावर बसतात, मान पुढे घालतात. मानेवरचे केस त्यांना स्वतःला दिसत नाहीत. आजवर हे काम न्हाव्याचं होतं.

"हे साफ कर. रांग सरळ ठेव."

ब्लेड तुझंच, नवं. तू टॉवेल ओला करतोस, ठेवतोस, हात काढत नाहीस. मग फेस. मानेच्या घडीत कापसाची बारीक तूस अडकली आहे. कालच्या पाळीची असेल, आंघोळीनंही गेलेली नाही. ती आधी बोटानं काढ.

"किती दिवस चालेल असं वाटतं?" तात्या विचारतात.

"महिना," बाबा म्हणतात. "फार तर दीड. मालकांनाही गिरण्या चालवायच्या आहेतच ना." आणि ते तात्यांकडे बघायला मान वळवतात.

"हलू नका, बाबा."

"हलत नाही," ते म्हणतात, आणि पुन्हा मान खाली घालतात. "तू दाब देऊ नकोस."